घरगुती ध्वनिवर्धकातील सुधारणा : शास्त्र, कारागिरी आणि पाचगणीचे हवामान

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे महाराष्ट्राला शाळांचे गाव म्हणून परिचित आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात ब्रिटिश काळापासून निवासी शाळांची परंपरा रुजली. पुढे 'फ्रेडी मर्क्युरी' या नावाने जगप्रसिद्ध झालेला फारुख बलसारा १९५० च्या दशकात येथील सेंट पीटर्स शाळेत शिकत होता आणि १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हे वाद्यवृंद पथक येथेच उभारले. पुढे तो 'क्वीन' या इंग्लंडमधील पथकाचा गायक झाला. त्याच पथकातील जॉन डीकन हा विद्युतक अभियांत्रिकी शिकलेला वादक होता. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने कचऱ्यात टाकलेला एक इलेक्ट्रॉनिक मंडलफलक उचलला, तो एका लहान घरगुती स्पीकरच्या पेटीत बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा ध्वनिप्रवर्धक तयार केला. 'डीकी अँप' या नावाने ओळखले जाणारे हे साधन पथकाचा गिटारवादक ब्रायन मे याने ध्वनिमुद्रणांत अनेक वर्षे वापरले.

घरातील साधनात स्वतःच्या हाताने बदल करून हवा तसा आवाज मिळवण्याची ही वृत्ती केवळ पाश्चात्त्य नाही. पाचगणीहून खाली उतरून कृष्णाकाठाने पुढे गेल्यास सांगली जिल्ह्यातील मिरज लागते. तेथील तंतुवाद्य कारागीर एकोणिसाव्या शतकापासून लाकूड, भोपळा, हस्तिदंत वा हाड आणि सुताचा धागा यांच्या साहाय्याने आवाज घडवत आले आहेत. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

घरगुती ध्वनिवर्धक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील स्पीकर, घरीच सुधारता येतो काय, कोणत्या बदलाने खरोखर फरक पडतो आणि कोणता बदल केवळ समजूत ठरतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय छंदापुरता मर्यादित नाही. महाविद्यालयांच्या भाषा प्रयोगशाळा, संगीत विभाग आणि सभागृहे यांतील जुने स्पीकर 'आवाज नीट येत नाही' एवढ्याच कारणाने भंगारात जातात. त्यांतील अनेकांचा दोष अल्प खर्चात दूर होण्याजोगा असतो. उलट, अपुऱ्या माहितीवर केलेला बदल चांगला स्पीकर कायमचा बिघडवू शकतो.

ध्वनिवर्धकाच्या कार्याचे स्वरूप

आज सर्वत्र वापरात असलेल्या स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील संशोधकांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते. त्यातून ध्वनिसंकेताचा विद्युतप्रवाह गेला की ते मागे-पुढे हलते. त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. शंकूची बाहेरची कड लवचीक पट्टीने चौकटीला जोडलेली असते. मोठ्या शंकूचा वूफर खालचे स्वर देतो, छोट्या पडद्याचा ट्विटर वरचे स्वर देतो आणि संकेताची विभागणी करणारे मंडल 'क्रॉसओव्हर' या नावाने ओळखले जाते.

शंकू पुढे जाताना पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पेटी नसेल तर खालच्या स्वरांत हे दोन परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. त्यामुळे पेटी ही स्पीकरची सजावट नसून त्याचा कार्यकारी अवयव आहे. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी १९३० च्या सुमारास भोक असलेल्या पेटीचे तत्त्व मांडले. तीत मागचा ध्वनी योग्य रीतीने वळवून खालच्या स्वरांच्या मदतीला आणला जातो. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी पूर्ण बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून आकाराने लहान पण खोल आवाजाचा स्पीकर बनवला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वूफरच्या काही मोजक्या राशींवरून पेटीचे आकारमान गणिताने ठरवण्याची पद्धती सिद्ध केली. पेटीची रचना तोपर्यंत बरीचशी अनुभवावर व अंदाजावर चालत होती, ती यामुळे हिशेबाच्या कक्षेत आली.

वाद्य आणि पुनरुत्पादक यांतील भेद

स्पीकर सुधारण्याच्या प्रयत्नात सर्वाधिक गोंधळ एका मूलभूत भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होतो. तंबोरा हे वाद्य आहे, तर स्पीकर हा पुनरुत्पादक आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली जाते, तेव्हा तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला वारंवार स्पर्श करते आणि उपस्वरांची समृद्ध रांग उमटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे निष्पंद बिंदू असणारे उपस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत, परंतु तंबोऱ्यात ते उमटतात.

म्हणजेच कारागीर मूळ कंपनात नसलेले काही जाणीवपूर्वक भरतो. स्पीकरचे काम याच्या नेमके उलट आहे. ध्वनिमुद्रणात जे आहे ते न वाढवता व न घटवता श्रोत्यापर्यंत पोहोचवणे ही त्याची जबाबदारी असते. वर उल्लेखिलेला 'डीकी अँप' वाद्याच्या बाजूचा होता. त्याचा रंगलेला, किंचित विकृत आवाज हेच त्याचे मोल होते. घरातील हाय-फाय स्पीकरला मात्र तो न्याय लावता येत नाही. पेटीचे लाकूड तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे गाऊ लागले, तर किराणा घराण्याच्या गायकाचा स्वर आणि तबल्याची थाप या दोहोंवर एकच रंग चढतो. म्हणून सुधारणा म्हणजे आवाज 'गोड करणे' नव्हे, तर स्पीकरची स्वतःची भर कमी करणे होय.

या दृष्टीने तंबोरा हाच परीक्षेचा उत्तम निकष ठरतो. काळी एक पट्टीत मध्य षड्जाची वारंवारता सुमारे १३९ हर्ट्झ आणि खर्जाची सुमारे ६९ हर्ट्झ असते. त्यावर अनेक हजार हर्ट्झपर्यंत उपस्वरांची अखंड रांग उभी असते. स्पीकरमध्ये कोठेही खड्डा वा उंचवटा असेल, तर तो या स्थिर, संथ नादात परिचित कानाला लवकर जाणवतो.

पाचगणीच्या हवामानाचा परिणाम

स्पीकरविषयीचे बहुतेक लेखन समुद्रसपाटीचे व कोरडे हवामान गृहीत धरून झालेले आहे. पाचगणीसारख्या ठिकाणी दोन गोष्टी निराळ्या आहेत : उंची आणि पावसाळ्यातील दीर्घकाळ टिकणारी आर्द्रता.

सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण १४ टक्क्यांनी आणि घनता साधारण १२ टक्क्यांनी कमी असते. शंकू तेवढाच हलला तरी तो तुलनेने विरळ हवा ढकलतो. परिणामी आवाजाची पातळी सुमारे १ डेसिबलने उतरते. हा फरक आवाजाचे बटण किंचित फिरवून भरून निघतो. बंद पेटीच्या स्पीकरमध्ये मात्र आणखी एक सूक्ष्म बदल घडतो. पेटीतील हवेच्या स्प्रिंगची ताठरता हवेच्या दाबावर अवलंबून असते. ती घटल्याने अनुस्पंदनाची वारंवारता खाली सरकते आणि हा बदल जास्तीत जास्त ७ टक्क्यांच्या आसपास असतो. उदाहरणार्थ, मुंबईत ६० हर्ट्झला अनुस्पंदन पावणारा स्पीकर पाचगणीत ५६ ते ५८ हर्ट्झच्या दरम्यान येऊ शकतो. भोक असलेल्या पेटीची भोकाने ठरणारी वारंवारता मात्र ध्वनीच्या वेगावर अवलंबून असते. हा वेग दाबाने बदलत नाही, तापमानाने बदलतो. म्हणून ती जवळजवळ तशीच राहते. 'डोंगरावर आवाज पातळ होतो' या समजुतीत तथ्याचा अंश आहे, परंतु त्यासाठी स्पीकर उघडण्याची आवश्यकता नाही.

आर्द्रतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथील घरांत भिंती ओलसर राहतात आणि कपाटातील पुस्तकांनाही बुरशी धरते. अशा हवेत स्पीकरचे चार भाग प्रामुख्याने झिजतात. शंकूच्या कडेला पॉलियुरेथेन फोमची पट्टी असल्यास ती बाष्पाच्या रासायनिक क्रियेने ठिसूळ होऊन गळते. साधारणतः दहा ते वीस वर्षांत ही अवस्था येते आणि दमट हवेत ती लवकर येते. कागदी शंकू ओलावा शोषून जड होतो. लाकडाच्या भुश्यापासून दाबून बनवलेल्या फळ्यांच्या उघड्या कडा फुगतात व सांधे सुटतात. चौथे म्हणजे विद्युतजोडांवर गंज चढून संपर्क अधूनमधून तुटतो. 'स्पीकर जुना झाला' असे ज्याला म्हटले जाते, ते अनेकदा या चारांपैकी एखादेच कारण असते.

सुधारणांचा क्रम

घरगुती सुधारणांचा विचार करताना क्रम महत्त्वाचा ठरतो. स्वस्त, निश्चित परिणामाची व मागे घेता येणारी कृती प्रथम, आणि खर्चिक, अनिश्चित व कायमची कृती शेवटी, हे सूत्र उपयुक्त आहे.

अ) जागा व खोली : स्पीकर न उघडता करता येणारा हा बदल बहुधा सर्वांत परिणामकारक असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहरी अडकून विशिष्ट वारंवारता घुमते. २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की पहिली घुमणारी वारंवारता मिळते. ४ मीटर लांबीच्या खोलीत ती सुमारे ४३ हर्ट्झ आणि २.५ मीटर रुंदीच्या खोलीत सुमारे ६९ हर्ट्झ येते. ही दुसरी संख्या काळी एकच्या खर्जाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. अशा अरुंद खोलीत तंबोऱ्याचा खर्ज अवास्तव घुमत असेल, तर दोष स्पीकरचा नाही, खोलीचा आहे.

मागच्या भिंतीपासूनचे अंतरही तितकेच निर्णायक असते. स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून ६२ सेंटिमीटर असल्यास भिंतीवरून परतणारी लहर सुमारे १३८ हर्ट्झला थेट लहरीच्या विरुद्ध पडते. म्हणजे नेमका मध्य षड्जच क्षीण होतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला तर हा खड्डा वरच्या वारंवारतेकडे जातो व खालचे स्वर वाढतात, तर दूर नेल्यास खड्डा खाली सरकतो. थोडे थोडे अंतर बदलून ऐकण्यास खर्च काहीच येत नाही.

सातारा-सांगलीच्या माणदेशी पट्ट्यातील लोकरीची घोंगडी हे भिंतीवर टांगण्यास सहज मिळणारे ध्वनिशोषक साधन आहे. मात्र त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. शोषक पदार्थाची जाडी किंवा त्याचे भिंतीपासूनचे अंतर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असेल तेव्हाच तो प्रभावी ठरतो. १,००० हर्ट्झसाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर होते. त्यामुळे भिंतीला चिकटवलेली घोंगडी केवळ वरचे स्वर शोषते, तर तीच दहा सेंटिमीटर पुढे टांगल्यास मधल्या स्वरांपर्यंत उपयोगी पडते. खर्जाच्या घुमण्यावर तिचा इलाज चालत नाही.

आ) दुरुस्ती : सुधारणेपूर्वी स्पीकर मूळ स्थितीत आणणे आवश्यक असते. गळालेली फोमची कड काढून त्याच मापाची नवी कड चिकटवता येते. दमट हवेत रबराची कड अधिक टिकते, परंतु तिचा ताठरपणा वेगळा असल्याने वूफरचे गुणधर्म बदलू शकतात. हे काम करताना वेटोळे फटीत बरोबर मध्यभागी राहणे महत्त्वाचे असते. त्यासाठी मधली धूळरोधक टोपी काढून वेटोळ्याभोवती कागदाच्या पातळ पट्ट्या खोचण्याची रीत आहे. वेटोळे फटीत घासले तर खरखर येते व वूफर निकामी होतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड या बाजारांत सुट्या भागांचा शोध घेता येतो. मापे मात्र सोबत नेलेली बरी.

दोन्ही स्पीकरांची धनाग्र-ऋणाग्र जोडणी सारखी आहे काय, हेही तपासावे. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावल्यास, धन बाजू धन टोकाला असताना शंकू पुढे येतो. ही चाचणी ट्विटरवर करू नये. एका स्पीकरची जोडणी उलटी झाल्यास खालचे स्वर नाहीसे होतात आणि गायकाचे स्थान निश्चित जाणवत नाही.

इ) पेटी : पेटीची हवाबंदी तपासण्याची साधी रीत अशी : बंद पेटीचा वूफर बोटांनी सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकलावा. सोडल्यावर तो संथपणे परतला तर पेटी बंद आहे, झटकन परतला तर कोठेतरी गळती आहे. वूफरच्या चौकटीखाली नवी मऊ पट्टी बसवून आणि सांधे सरसाने भरून ही गळती थांबते. फळ्यांच्या उघड्या कडांना चपड्याचे पॉलिश किंवा वॉर्निश दिल्यास बाष्पाचा शिरकाव मंदावतो.

मोठ्या, पातळ फळ्या स्वतः कंप पावतात. समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये आडवी लाकडी दांडी बसवल्यास फळीचा मोकळा भाग विभागला जातो आणि तिचे कंपन वरच्या वारंवारतेकडे सरकून क्षीण होते. दांडी बरोबर मध्यावर न बसवता किंचित बाजूला बसवणे हितावह, कारण मध्यावर बसवल्यास दोन्ही भाग एकाच स्वराला कंप पावतात.

पेटीत लोकर किंवा उशीतील कृत्रिम कापूस भरण्यामागे दोन हेतू असतात. एक, आत उसळणाऱ्या मधल्या स्वरांचे शोषण. दुसरा हेतू फारसा परिचित नाही. शंकू हवा दाबतो तेव्हा ती किंचित तापते आणि अधिक ताठर होते. तंतूंनी ही उष्णता शोषून घेतल्यास हवा मऊ होते आणि पेटी प्रत्यक्षापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. तात्त्विकदृष्ट्या ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. व्यवहारात ती १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान मिळते. मात्र कापूस ठासून भरल्यास त्याने व्यापलेली जागाच अधिक होऊन लाभ उलटतो. भोक असलेल्या पेटीत भोकासमोर काहीही भरू नये. लोकर वापरल्यास तिला कसर लागणार नाही अशी दक्षता घ्यावी, आणि काचतंतू हाताळताना नाक व त्वचा झाकावी.

ई) क्रॉसओव्हर : जुन्या स्पीकरमधील इलेक्ट्रोलिटिक धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, कालांतराने सुकतात. एकाच धारित्राच्या साध्या मंडलात धारितेचे मूल्य काढण्यासाठी एकाला, दुप्पट पाय, वारंवारता व रोध यांच्या गुणाकाराने भागतात. ८ ओहमच्या ट्विटरसाठी ३,००० हर्ट्झला सुमारे ६.६ मायक्रोफॅराड हवे असतात. धारित्र सुकून ५ मायक्रोफॅराडवर आले तर विभागणीची सीमा जवळजवळ ४,००० हर्ट्झवर जाते. शिवाय धारित्राचा अंतर्गत रोध वाढून ट्विटरचा आवाज उतरतो.

भाषाध्यापनाच्या दृष्टीने हा दोष दुर्लक्ष करण्याजोगा नाही. 'श' या वर्णाची ऊर्जा साधारणतः २,५०० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास, तर 'स' ची ५,००० हर्ट्झच्या वर एकवटलेली असते. ट्विटर क्षीण झाला की 'स' पुसट होतो आणि 'साल' व 'शाल' यांतील भेद विद्यार्थ्याला संदर्भावरून ओळखावा लागतो. भाषा प्रयोगशाळेत ज्याला उच्चारच शिकायचा आहे त्याच्याकडे हा संदर्भही नसतो. अशा वेळी विद्यार्थ्याच्या कानाला किंवा आकलनाला दोष दिला जाण्याचा संभव असतो.

नवे धारित्र पॉलिप्रॉपिलीनचे घेतल्यास ते सुकत नाही. मात्र त्याचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ट्विटर मूळ रचनेपेक्षा किंचित मोठा वाजू शकतो. तसे झाल्यास लहानसा रोध मालिकेत जोडून समतोल साधतात. दोन्ही स्पीकरांतील धारित्रे एकाच वेळी व एकाच मूल्याची बदलावीत.

वूफरचा संरोध वारंवारतेनुसार वाढत जातो, त्यामुळे वरील साधे सूत्र त्याला तसेच लागू पडत नाही. वूफरला समांतर एक रोध व एक धारित्र यांची मालिका जोडून ही वाढ रोखता येते. वूफरचा एकदिश रोध ६ ओहम आणि वेटोळ्याचे प्रवर्तन ०.६ मिलिहेन्री असल्यास रोध त्याच्या सव्वापट म्हणजे ७.५ ओहम आणि धारित्र सुमारे १०.७ मायक्रोफॅराड येते. पेटीच्या दर्शनी फळीच्या रुंदीचाही परिणाम असतो. २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर सुमारे ५७५ हर्ट्झच्या खाली ध्वनी मागच्या बाजूलाही पसरू लागतो व समोरचा आवाज हळूहळू कमी होतो. मूळ आरेखकाने क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई केलेली असू शकते. म्हणून विभागणीचे मंडल मुळातून बदलणे ही मोजमापाशिवाय करण्याची गोष्ट नाही.

उ) जोडतारा : या बाबतीत प्रचार अधिक व लाभ अल्प आहे. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेची ५ मीटर लांबीची जोडी एकूण ०.१२ ओहमपेक्षा कमी रोध निर्माण करते. ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट सुमारे ०.१२ डेसिबल असते. घरातील वीजजोडणीला वापरली जाणारी चांगली तांब्याची तार या कामी पुरेशी आहे. टोकांवरील गंज घासून काढण्याने महागड्या तारेपेक्षा अधिक फरक पडू शकतो.

मोजमाप आणि निःपक्ष श्रवण

सुधारणा झाली की नाही हे कोण ठरवणार, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ज्याने दोन दिवस खपून धारित्र बदलले, त्याच्या कानाला आवाज सुधारल्याचे जाणवणे स्वाभाविक आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्पीकर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण यांत स्पष्ट तफावत आढळली. आकार, किंमत व नाव यांचा प्रभाव अनुभवी श्रोत्यांवरही पडतो. याखेरीज दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा तो अधिक चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी शक्य तितकी समान ठेवावी लागते.

यासाठी घरीही पाळता येण्याजोगी रीत अशी आहे. दोन स्पीकरांपैकी एकातच बदल करावा व दुसरा मूळ स्थितीत ठेवावा. दोन्ही शेजारी ठेवून त्यांपुढे पातळ कापड टांगावे. एकेरी ध्वनिमुद्रण दोहोंवर आळीपाळीने वाजवावे. कोणता स्पीकर वाजतो आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे. मधूनच दोन्हींच्या जागाही बदलाव्यात. वीस वेळांपैकी दहा-अकरा वेळाच सुधारित स्पीकर ओळखता आला, तर तो योगायोग समजावा आणि दुसऱ्या स्पीकरवर खर्च करू नये.

मोजमापासाठी आज संगणक, साधा मोजणी मायक्रोफोन आणि 'रूम ईक्यू विझार्ड'सारखी विनामूल्य संगणकप्रणाली पुरेशी ठरते. खालच्या स्वरांसाठी प्रतिध्वनिरहित कक्षाची गरज नसते. डॉन कील यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, मायक्रोफोन शंकूच्या अगदी जवळ धरल्यास खोलीचा परिणाम नगण्य होतो आणि खालच्या स्वरांचे विश्वासार्ह मोजमाप मिळते. बदलापूर्वीचा आलेख जपून ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजणे, ही तीन पथ्ये पाळल्यास घरातील मेजही प्रयोगशाळा ठरू शकते.

मर्यादा व दक्षता

प्रत्येक दोष घरी सुधारता येत नाही. लहान वूफरकडून मोठ्या वूफरएवढा खर्ज मिळत नाही. शंकूवर रंग वा डिंक लावल्यास त्याचे वजन वाढून संवेदनक्षमता घटते आणि तो बदल परत घेता येत नाही. दुर्मीळ वा मूल्यवान जुना स्पीकर मूळ अवस्थेत ठेवणेच योग्य, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठीसह जपावा. ज्या स्पीकरमध्ये ध्वनिप्रवर्धक अंतर्भूत असतो त्यात घरगुती विजेचा दाब व भारित धारित्रे असतात. वीज बंद केल्यावरही ती धोकादायक ठरू शकतात, म्हणून असे काम जाणकारावर सोपवावे.

आवाज सुधारणे म्हणजे आवाज वाढवणे नव्हे, याचेही भान हवे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शाळा व रुग्णालयांभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद आहे आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. शाळांच्या या गावात स्वच्छ पण मोजका आवाज हेच उचित ध्येय ठरते. स्वच्छ आवाजात शब्द कळण्यासाठी पातळी वाढवावी लागत नाही, हा चांगल्या स्पीकरचा सामाजिक लाभही आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

या विषयाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या आंतरविद्याशाखीय स्वरूपात आहे. अनुस्पंदन व संरोध हे पदार्थविज्ञानाचे, फोमचे विघटन हे रसायनशास्त्राचे, 'श' आणि 'स' यांतील भेद हे भाषाविज्ञानाचे, तंबोऱ्याची जवारी हे संगीताचे आणि निःपक्ष श्रवणचाचणी हे मानसशास्त्र व संख्याशास्त्राचे प्रकरण आहे. एकच जुना स्पीकर मेजावर ठेवून या सर्व विभागांना एकत्र आणणारा प्रकल्प हाती घेता येतो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम अमलात आले आहेत. त्यामुळे निकामी उपकरणांची विल्हेवाट हा संस्थांच्याही विचाराचा विषय झाला आहे. दुरुस्त होऊ शकणारे उपकरण दुरुस्त करणे हा त्या विचारातील पहिला टप्पा मानावयास हवा.

मिरजेच्या कारागिराकडे आलेखयंत्र नसते. त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा कान असतो आणि धागा केसभर सरकवून पुन्हा ऐकण्याचा संयम असतो. एक लहान बदल, लगेच परीक्षण आणि न रुचल्यास माघार, ही त्याची कार्यपद्धती प्रयोगशास्त्राच्या पद्धतीहून तत्त्वतः वेगळी नाही. विद्यार्थ्यांना हे साम्य दाखवून देणे हे कोणत्याही सूत्राच्या पाठांतराहून मोलाचे ठरेल.

निष्कर्ष

१) घरगुती स्पीकरची सुधारणा शक्य आहे, परंतु तिचा अर्थ स्पीकरची स्वतःची भर कमी करणे असा घ्यावा लागतो.

२) पाचगणीच्या उंचीचा परिणाम अल्प असून सहज भरून निघतो. आर्द्रतेचा परिणाम मात्र मूलगामी आहे व देखभालीत त्याला प्राधान्य हवे.

३) स्पीकरची जागा, जोडणी, हवाबंदी, फोमची कड व सुकलेली धारित्रे यांकडे प्रथम लक्ष द्यावे. महागड्या तारा व मोजमापाविना केलेले मंडलबदल टाळावेत.

४) एका वेळी एक बदल, बदलापूर्वी व नंतर मोजमाप आणि पडद्याआडचे श्रवण यांशिवाय सुधारणेचा दावा ग्राह्य धरू नये.

५) भाषा व संगीत विभागांतील जुने स्पीकर भंगारात काढण्यापूर्वी त्यांची तपासणी होणे शैक्षणिक, आर्थिक व पर्यावरणीय अशा तिन्ही दृष्टींनी आवश्यक आहे. मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला 'साल' आणि 'शाल' वेगळे ऐकू येतात की नाही, हा त्या तपासणीचा पहिला प्रश्न असावा.